सतरा इंची पडदा

२००३ साली पहिला संगणक घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारले, "मॉनिटर कोणता देऊ?" मी म्हणालो, "मोठ्यातला द्या." माझी नजर पूर्ण जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

पुढे बरीच वर्षे मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. आता सांगतो, कारण माझ्या चुकांमध्ये ही सगळ्यात स्वस्तातली निघाली.

गडचिरोलीच्या एका सरकारी कार्यालयात मी टेलिफोन ऑपरेटर होतो. आमच्या पिढीतल्या आंधळ्या माणसाला खुर्च्या विणणे, गाणे शिकवणे किंवा टेलिफोन, एवढीच दारे उघडी असत. मला टेलिफोन मिळाला. अडीच-तीनशे नंबर तोंडपाठ होते, साहेब लोक माझ्यावर खूश असत. 'भाऊंना सगळं ठाऊक असते' असा माझा लौकिक होता, आणि त्या लौकिकामुळे मला प्रश्न विचारायची सवय राहिली नव्हती.

भविष्य निर्वाह निधीतून चौतीस हजारांची उचल घेतली आणि नववीतल्या भाच्याला सोबत घेऊन चंद्रपूरला गेलो. संगणक त्याने आणि दुकानदाराने मिळून निवडला. "मामा, सतरा इंची आहे, एकदम सपाट काच," भाचा म्हणाला. मी काचेवरून हात फिरवला. गार, गुळगुळीत. मला आवडली. कीबोर्ड खोक्यात बंद होता, तो उघडून बघावा असे कुणाला सुचले नाही. स्पीकर फुकट मिळाले. "ते काय, कोणतेही चालतात," दुकानदार म्हणाला, आणि मीही मान हलवली. ज्या दोन वस्तूंशी माझ्या बोटांचा आणि कानांचा रोजचा संबंध येणार होता, त्या मी हातात न घेता आणल्या. जिचा काडीचा उपयोग नव्हता, तिच्यासाठी मात्र घासाघीस केली.

घरी आल्यावर कळले की कीबोर्डच्या एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे जवळजवळ नाहीतच. बोटांना घर सापडावे म्हणून त्या दोन कळांवर फेविकॉलचे थेंब वाळवून घेतले. स्पीकर दोन महिने खरखरले आणि मग त्यातला एक गप्प झाला. पडदा तेवढा उत्तम होता, असे सगळे म्हणत. शेजारपाजारचे लोक बघायला येत तेव्हा मी त्याच्यासमोर पाठ ताठ करून बसत असे. तो कुणासाठी घेतला होता, हे वेगळे सांगायला नको.

त्याहून मोठा घोटाळा तिसऱ्या दिवशी लक्षात आला. संगणक तेव्हा आपणहून बोलत नसे. वाचून दाखवणारा प्रोग्राम वेगळा घ्यावा लागे, हे मला नागपूरच्या एका जुन्या ओळखीच्याने फोनवर सांगितले. तोही आमच्यातलाच. तो इतका हसला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "तू टीव्ही घेतला आहेस, भाऊ," तो म्हणाला.

त्या प्रोग्रामचे नाव जॉज. अमेरिकेतल्या टेड हेंटर नावाच्या माणसाने तो केला. हा मोटारसायकलच्या शर्यतीत धावणारा गडी, १९७८ साली एका अपघातात त्याचे डोळे गेले, मग तो प्रोग्रामिंग शिकला. मला त्याची गोष्ट फार आवडली, किंमत आवडली नाही. परवान्याला माझ्या अख्ख्या संगणकापेक्षा जास्त पैसे पडत होते. तेव्हा बहुतेकांनी जे केले तेच मीही केले: फुकटात चालणारा नमुना वापरला. तो चाळीस मिनिटे बोलायचा. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की आणखी चाळीस मिनिटे.

चाळीस मिनिटांत माणूस पुष्कळ शिकू शकतो, पण त्याच काळात आमच्याकडे भारनियमन होते. ऐंशी किलोमीटरवर चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र राज्याला वीज पुरवत होते आणि आम्ही पेटीत मेणबत्त्या ठेवत होतो. मेणबत्तीचा मला उपयोग नव्हता, पण वीज गेली की माझाही संगणक इतरांच्या दिव्यांसारखाच जायचा. कधी प्रोग्रामची चाळीस मिनिटे आधी संपत, कधी वीज मंडळाची. वर्डमध्ये अर्ज लिहायला घेतला की 'विनंती विशेष' पर्यंत पोचेपर्यंत दोघांपैकी कुणीतरी उठून जायचे. युपीएस घ्यायला पैसे उरले नव्हते, ते पडद्यात गेले होते.

शेवटी एकाने मला कुलूप तोडलेली सीडी आणून दिली. मी ती घेतली. चोरीची आहे हे मला माहीत होते, आणि आपल्यासारख्याने घेतली तर ती चोरी नव्हे अशी सोयीची समजूतही मी करून घेतली होती. चार महिने छान गेले. मग विषाणू शिरला, संगणक पुसून पुन्हा भरावा लागला आणि कार्यालयाची तीनशे नंबरांची यादी, जी मी एकेक अक्षर ऐकत टाइप केली होती, ती गेली. नंबर डोक्यात होते म्हणून निभावले.

इथवरच्या गोष्टी मी चहावर हसत सांगतो. आता जी सांगायची आहे ती तशी सांगता येत नाही.

माझी माय वैनगंगेच्या काठावरची. बाप मासे मारायचा, पुराच्या दिवसांत डोंग्यातून माणसेही पलीकडे न्यायचा. माय अंगठेबहाद्दर, पण तिच्याकडे गोष्टी होत्या: नदीच्या, वाघाच्या, दंडारीच्या, दुष्काळात मोहफुले खाऊन काढलेल्या दिवसांच्या. १९९८ ते २००१ या काळात मी तिला टेपरेकॉर्डरसमोर बसवून अकरा कॅसेटी भरल्या. दर कॅसेटवर ब्रेलची पट्टी चिकटवली. ब्रेलमध्ये 'माय' हा शब्द तीन घरांत बसतो, पुढे आकडा. भरून झालेल्या कॅसेटच्या कडेच्या दोन खुंट्या मी स्वतः नखाने तोडून टाकल्या होत्या. त्या तोडल्या की वरून काही भरता येत नाही.

२००४ साली मनात आले की हे कागदावर उतरवून घ्यावे. एका टायपिंग करणाऱ्याला कॅसेटी दिल्या. त्याने पाच महिने घेतले, पानामागे पैसे घेतले आणि एके दिवशी एकशे बारा पानांची चळत आणि एक सीडी आणून दिली. काम त्याने मन लावून केले होते, हे मान्य करायला हवे. जरा जास्तच मन लावून. आमच्या झाडीबोलीत ळ नाही, माय डोळ्याला 'डोरा' म्हणायची. त्याने सगळीकडे 'डोळा' केला. "शुद्ध करून दिलं भाऊ," तो म्हणाला.

कार्यालयात पाने सगळ्यांनी चाळली. छान दिसते, अक्षर सुरेख आहे, असे म्हणाले. मी पानांवरून हात फिरवला. ती गुळगुळीत होती. सीडी कपाटात ठेवली. संगणकात घालून ऐकली नाही. माझा प्रोग्राम तेव्हा इंग्रजीच बोलायचा, मराठी त्याला येणारच नाही असे मी धरून चाललो, आणि तपासले नाही.

त्याच वर्षी मी एमएस-सीआयटीला बसलो. सरकारी नोकरीत ते हवेच होते. पुस्तक वाचायला कुणीतरी पाहिजे, म्हणून भाच्याला म्हणालो, तू वाच, मी टेप करून घेतो. बाजारात कोऱ्या कॅसेटी मिळत होत्या. वीस-पंचवीस रुपयांचा प्रश्न होता. पण घरात अकरा कॅसेटी पडून होत्या, आणि त्यांतले सगळे तर आता 'टाइप झाले' होते.

तोडलेल्या खुंट्यांच्या भोकांवर मी चिकटपट्टी लावली. काम दोन मिनिटांचे. बोटांनी भोक चाचपले, पट्टी ताणून बसवली, नखाने दाबली. ब्रेलच्या जुन्या पट्ट्या खरवडून काढल्या. ते करताना मला काही म्हणजे काही वाटले नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे या प्रसंगाचा विचार करताना मी त्यात थोडी चलबिचल घालून बघितली आहे, पण ती नव्हती. मला परीक्षेची घाई होती. मायच्या आवाजावर भाच्याच्या आवाजात 'फाइल मेनूवर क्लिक करा' चढत गेले. मायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरा केलास, पोराचा अभ्यास मोठा." परीक्षेत मला एक्याऐंशी टक्के मिळाले. २००६ साली माय गेली.

२०१० साली मी लॅपटॉप घेतला. या खेपेला पडद्याच्या बाबतीत मी शहाणा झालो होतो, म्हणून सगळ्यात लहान पडद्याचा घेतला. दहा इंची, वहीसारखा, पिशवीत मावणारा. तो इतका लहान होता की त्याला उजवीकडचे आकड्यांचे कीपॅड नव्हते. तोवर पडदा वाचायच्या माझ्या सगळ्या आज्ञा त्याच कळांवर होत्या. सीडी घालायची खाचही नव्हती. म्हणजे मागच्या वेळी नको ते मोठे घेतले आणि या वेळी हवे ते कापून आणले.

त्यावर मात्र एनव्हीडीए आला. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र त्याला मिळाला. पूर्ण फुकट, कुलूप नाही, चाळीस मिनिटे नाहीत. वरोऱ्याला आनंदवनातल्या अंध शाळेत शिकलेल्या एका तरुण सहकाऱ्याने तो मला पेन ड्राइव्हवर आणून दिला. वर्षभर आधीच दिला असता, पण मीच नको म्हणालो होतो. त्यातला ईस्पीक नावाचा आवाज मला डब्यात बसलेल्या माणसासारखा वाटला. "हा काय आवाज आहे?" मी म्हणालो. चोरीच्या प्रोग्रामचा आवाज गोड होता ना. आज मी हाच डब्यातला आवाज भराभर, दुसऱ्या कुणाला एक शब्द कळणार नाही इतक्या वेगाने ऐकतो, आणि गोड आवाज त्या वेगाला चिरकतात.

आकड्यांच्या कळा नाहीत म्हणून कॅप्सलॉकलाच एनव्हीडीएची कळ करावी लागली. ती कंट्रोलपासून दोनच कळा वर. हे लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत लागेल.

२०११ च्या दिवाळीत भावाशी जमिनीवरून कुरबूर सुरू होती. मी वकिलासाठी सगळी हकीकत लिहून काढत होतो. सहा पाने झाली, तरी मध्ये एकदाही सेव्ह केले नव्हते. मग सेव्ह करायला दोन कळा दाबल्या आणि लगेच पुढे टाइप करू लागलो. संगणक मुका झाला. आवाज वाढवून पाहिला, हेडफोन काढून-घालून पाहिला, काही नाही. बंद करून सुरू करावा तर सहा पाने जाणार. घरात डोळस माणूस एकच होता, पुतण्या. ज्या भावाविरुद्ध ती सहा पाने होती, त्याचाच मुलगा. त्याला 'जरा पडदा बघ रे' कसे म्हणणार?

म्हणून मी झाकण मिटले, लॅपटॉप तसाच झोपवला, चार्जर पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची नागपूरची एसटी धरली. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड. साडेचार तास मांडीवर तो मुका प्राणी. दुकानातल्या पोराने झाकण उघडले. "काका, सगळं दिसते की, चालू आहे." मी म्हणालो, आधी सेव्ह कर, आणि वाचू नको. त्याने सेव्ह केले. मग बंद करून पुन्हा सुरू केला. डब्यातला माणूस लगेच बोलला.

पोराने पैसे घेतले नाहीत. ते मला जास्त लागले.

संध्याकाळी त्या सहकाऱ्याला फोन केला. त्याने एका वाक्यात उलगडा केला: कंट्रोल-एस दाबायच्या ऐवजी तुम्ही कॅप्सलॉक-एस दाबले, ती बोलणे बंद करायची आज्ञा आहे. "बंद करताना तो सांगतो, भाऊ. तुम्ही ऐकलं नाही का?" सांगितले असणार. पण पुढची कळ दाबली की हा प्रोग्राम चालू वाक्य तोडतो, आणि मी थांबलो कुठे होतो? तीच आज्ञा आणखी दोनदा दिली असती तर आवाज परत आला असता. साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास दोन कळांनी वाचला असता.

जमिनीचे पुढे आपसांत मिटले. ती सहा पाने कुणी वाचली नाहीत.

आता कपाटातली सीडी. २०१२ मध्ये ईस्पीकचा हिंदी आवाज मी मराठीसाठी वापरू लागलो होतो. हिंदी वळणाने का होईना, देवनागरी मजकूर तो वाचायचा. बातम्या वाचल्या, शासनाचे निर्णय वाचले आणि एका रात्री आठवले की माय आहे. लॅपटॉपला सीडीची खाच नव्हती, म्हणून सकाळी सायबर कॅफेत जाऊन ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. दार लावून घेतले आणि फाइल उघडली.

आतून निघाली इंग्रजी अक्षरांची खिचडी. आवाज अडखळत, ठेचकाळत काहीबाही बरळत होता. मला वाटले भलतीच फाइल उघडली. पहिल्या ओळीवर गेलो आणि बाणाच्या कळेने एकेक अक्षर सरकवत ऐकले. ई. के. सेमिकोलन. पुढे जागा. पुन्हा थोड्या अंतरावर, ई, के, सेमिकोलन. पानभर तेच, मध्येमध्ये ई, के, सेमिकोलन.

सहकाऱ्याला फोन लावला तेव्हा कारण कळले. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर नुसते चित्र असते. आत संगणकाला ठाऊक असते ते इंग्रजी अक्षर, त्याच्यावर म चा मुखवटा चढवलेला. डोळ्यांना मुखवटा दिसतो. कानांना आतले ऐकू येते. ई म्हणजे म, के म्हणजे काना, सेमिकोलन म्हणजे य. ती माझी माय होती.

खरे म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ पासून होती. माझ्या त्या सतरा इंची संगणकातही ती चालली असती. टायपिंगवाल्याला मी एकच वाक्य सांगायला हवे होते, आणि सीडी मिळाल्या दिवशी पाच मिनिटे ऐकायला हवी होती. तो इंग्रजी आवाजसुद्धा मला ई, के, सेमिकोलन म्हणाला असता, आणि कॅसेटी तेव्हा शाबूत होत्या.

छापील पाने स्कॅन करावीत तर २००८ च्या पावसाळ्यात कौले फुटली तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. कॅसेटी काढून बघितल्या. दोन शब्दांमधली जागा ऐकावी तसे मी भाच्याच्या आवाजामागे कान लावून बसलो. एका कॅसेटच्या शेवटी, जिथे त्याचा धडा आधी संपला होता, तिथे मायचे अकरा सेकंद मिळाले. ती कुणाला तरी कोंबड्या झाकायला सांगते आहे.

जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम आहेत, आणि ते बऱ्यापैकी चालतात. माझी फाइल त्यातून काढली. एकशे बारा पानांतली बहुतेक सुखरूप आली. जोडाक्षरे आणि रफार काही ठिकाणी गळाले, ते मी अंदाजाने भरत गेलो. दोन वर्षे दर रविवारी तेच काम. 'डोळा' दिसला की 'डोरा' करायचा, हेही त्यातच.

एक ओळ राहिली आहे. मी दहा वर्षांचा असताना मला संध्याकाळनंतर दिसेनासे झाले. माय-बाप नदी ओलांडून, मोटार धरून मला चंद्रपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हे वाढत जाईल, औषध नाही. पुन्हा दाखवायचे होते म्हणून मला मावशीकडे ठेवून दोघे माघारी निघाले. नदीला पूर होता. माय सांगते, अर्ध्या पात्रात आल्यावर तुझ्या बापाच्या डो, मग एक खूण जिचे काहीच झाले नाही, मग यात पाणी आले.

भाच्याला विचारले. तो आता दोन मुलांचा बाप आहे. तो म्हणाला, "मामा, तिथे नुसता चौकोन आहे." डोऱ्यात असेल, टायपिंगवाल्याच्या हातून एकदाच मायचा शब्द तसाच राहिला असेल. डोंग्यात असेल आणि त्याचे बोट चुकले असेल. 'डोळ्यात' इतर सगळीकडे नीट उतरला आहे, 'डोंग्यात'ही तीन ठिकाणी नीट आहे. बाप १९८५ सालीच गेला. मला तो रडल्याचे आठवत नाही, आणि त्याचा डोंगा गळका असल्याचेही आठवत नाही.

"तुम्ही सांगाल ते टाकतो," भाचा म्हणाला. मी म्हणालो, राहू दे. ती ओळ आली की डब्यातला माणूस 'डो' म्हणतो, थोडा थांबतो आणि 'यात पाणी आले' म्हणून पुढे जातो.